आधी सांगायचं नाही

कुमुद, तुला जाऊन अजून महिनासुद्धा झाला नाही आणि मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. शोकसभेत सगळे तुझ्याबद्दल चांगलं चांगलं बोलले. क्लबातली हिंजवडीची पोरं ट्रॅफिकमधून वाट काढत वेळेवर पोचली, जे तुझ्या हयातीत एकदाही घडलं नाही. एक जण म्हणाला, कुमुदताई फार शांत होत्या. दुसरी म्हणाली, त्या सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या. मी मागच्या खुर्चीवर बसून विचार करत होते की ही कोण बाई? मी ओळखत होते ती कुमुद हट्टी होती, भांडकुदळ होती, आणि दुसऱ्याचं ऐकून घ्यायची ते फक्त खोडून काढण्यासाठी. मला बोलायला बोलावलं तेव्हा मी मान हलवून नाही म्हटलं. मला तुझ्याशीच बोलायचं होतं, आणि ते त्या हॉलमध्ये जमलं नसतं.

आपली सुरुवात कंपनीच्या बसमध्ये झाली. तू अकाउंट्सला, मी डिस्पॅचला, आणि चाकणहून चिंचवडला परतताना दोघींना एकाच खिडकीची हाव. त्या दिवशी खिडकी तू पटकावलीस, म्हणून मी तोंड फिरवून बसले होते. हिवाळ्यातली संध्याकाळ होती, बस नेहमीसारखी अडकलेली. तू कोपराने ढोसून मला म्हणालीस, "ते काय चमकायलंय गं?" मी रागातच सांगितलं, विमान असेल. तू म्हणालीस, विमान असतं तर आपल्या आधी घरी पोचलं असतं. बस मोशीपर्यंत सरकली तरी ते जागचं हललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तू कुठून तरी विचारून आलीस की तो शुक्र आहे, आणि हे मला अशा थाटात सांगितलंस जणू तो तूच तिथे टांगला होतास. पुढच्या आठवड्यात बसमधल्या निम्म्या बायका पश्चिमेच्या खिडक्यांवर नंबर लावू लागल्या. आपला आकाश बघायचा क्लब तिथे सुरू झाला असं मी मानते. वाचनालयाच्या मागची खोली, शनिवारच्या सभा, चहा कोणी आणायचा यावरचे वाद, हे सगळं नंतरचं.

मग दुर्बीण आली. आठ इंची, जाडजूड, माणसाच्या छातीला लागेल एवढ्या उंचीची. तुझ्या दिलीपरावांनी तिला पहिल्याच दिवशी बंब म्हटलं, आणि खरंच ती न्हाणीघरातल्या बंबासारखी दिसायची. तू चिडलीस, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

मंगळाचा किस्सा मी शोकसभेत सांगितला असता तर लोक हसले असते, आणि तिथे हसायचं की नाही हे कोणाला कळलं नसतं. इथे सांगते. त्या वर्षी मंगळ जवळ आला होता. प्राधिकरणातल्या एका सोसायटीच्या गच्चीवर तू कार्यक्रम ठेवलास आणि आधी छान भाषण दिलंस. तांबडा गोळा दिसेल, त्याच्या डोक्यावर बर्फाची पांढरी टोपी दिसेल, नीट बघा. रांग जिन्यापर्यंत गेली. मध्येच कोणाचा तरी धक्का बंबाला लागला. तू घाईघाईत पूर्वेकडचा तांबडा ठिपका पुन्हा पकडलास, त्यावर नळा रोखलास आणि परत भाषणाकडे वळलीस. एकेक जण डोळा लावत होता आणि वा वा करत होता. टोपी तर झाडून सगळ्यांना दिसली. सोसायटीच्या चेअरमनना टोपीखाली कालवेसुद्धा दिसले.

मग माझ्या सासूबाईंचा नंबर आला. कुरुळीचं जुनं खोड, दुर्बिणीला डोळा लावण्याची पहिलीच वेळ. बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, "समदं दिसलं बाई. पर त्येला शिडी कशापायी लावलीया?"

तू वाकून पाहिलंस. मंगळ केव्हाच ढगात गेला होता. आपण गच्चीभर माणसांना मोबाईल टॉवरवरचा दिवा दाखवत होतो, आणि संधिप्रकाशात त्या टॉवरची शिडी पायरी न् पायरी मोजता यावी इतकी स्पष्ट होती. मला वाटलं तू आता रडशील. तू गच्चीवर फतकल मारून बसलीस आणि पोट धरून हसलीस. चेअरमन तेवढे हसले नाहीत. ते आजही म्हणतात म्हणे की कालवे होते.

परतताना ओम्नी गाडीत मात्र तुझं हसू ओसरलं होतं. चिंचवड जवळ आल्यावर म्हणालीस, "सुले, आपण टोपी सांगितली म्हणून त्यांना टोपी दिसली. तुझ्या सासूने भाषण ऐकलंच नाही, म्हणून तिला शिडी दिसली." सासूबाईंना कमी ऐकू येतं, हे मी तुला सांगितलं. तू म्हणालीस, तेच तर. आणि त्या दिवसापासून तुझा नियम सुरू झाला. आधी काहीही सांगायचं नाही. माणसाने यावं, डोळा लावावा, मनासारखं पाहावं. मग तू विचारणार, "काय दिसायलंय?" त्याने सांगितलं की मगच तू तोंड उघडणार.

तुझ्या लातूरचं ते 'दिसायलंय' क्लबातल्या सगळ्यांच्या तोंडी बसलं. तळेगावात जन्म काढलेली माणसंही तसंच विचारू लागली. आणि उत्तरं काय एकेक मिळायची. शनी पाहून एक टूल रूमवाला म्हणाला, वॉशरमध्ये अडकलेली बेअरिंगची गोळी. एक बाई म्हणाली, आमच्या थोरल्या जावेच्या कानात अस्संच आहे. एकाने तर बंबाच्या तोंडाशी जाऊन आत कोणी स्टिकर लावलाय का ते बघितलं, आणि तू त्याला बघू दिलंस. प्रत्येक उत्तराला तुझा चेहरा असा फुलायचा जणू शनीला ते पहिल्यांदाच कोणी म्हटलं असावं. त्या वेळी तुझ्याकडे पाहत राहावंसं वाटायचं, हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू तो वादातला मुद्दा म्हणून वापरला असतास.

कारण मला तुझा नियम पटला नव्हता. आजही पटलेला नाही. मी रांगेच्या टोकाला उभी असायचे, तू बंबाच्या डोळ्याच्या टोकाला. तुला एक माणूस दिसायचा, मला त्याच्या मागची पन्नास दिसायची. कोणाला सेकंड शिफ्टला जायचंय, कोणाचं पोरगं कडेवर झोपलंय, आणि तू पुढच्या माणसाला म्हणायचीस, घाई नाही, अजून बघा. मी ओरडायचे, आटपा, पुढे चला. आणि मला आणखीही काही दिसायचं. काही जण डोळा लावायचे, तुझा प्रश्न ऐकायचे, 'काही नाही' असं पुटपुटायचे आणि खाली मान घालून निघून जायचे. मी तुला म्हटलं होतं, माणूस दिवसभर कंपनीत सुपरवायझरला उत्तरं देतो, इथे येऊन परत तुला द्यायची का? तू म्हणालीस, चुकलं तर चुकलं, आकाश काय मार्क कापतं? मी म्हटलं, आकाश कापत नाही गं, पण तू समोर कंबरेवर हात ठेवून उभी असतेस. तुला वाटलं मी थट्टा करतेय.

तरी एक कबूल करते. मे महिन्यात शून्य सावलीच्या दिवशी तू कुरुळीच्या एका कारखान्याच्या गेटवर केलंस ते मला कधीच जमलं नसतं. भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते, हे मी सिक्युरिटीवाल्याला समजावून सांगत होते आणि त्याला आपण युनियनच्या बायका वाटत होतो. तू माझ्या हातातलं पत्रक काढून घेतलंस. जेवणाच्या सुट्टीत बाहेर आलेल्या कामगारांना म्हणालीस, खिशात बोल्ट आहे का कोणाच्या? चार-पाच बोल्ट निघाले. तू ते फरशीवर उभे ठेवायला लावलेस आणि गप्प बसलीस. हळूहळू सगळे उकिडवे बसले. डबे उघडे पडले होते, कोणाचं लक्ष नव्हतं. सावल्या आखूड होत होत गेल्या आणि मग राहिल्याच नाहीत.

तू विचारलंस, सावली कुठं गेली. जालन्याकडचा एक जण म्हणाला, "सुट्टीवर गेली असंल, ताई. वर्षभर ओव्हरटाइम केलाय तिनं." सगळे हसले. सिक्युरिटीवाला स्वतःची काठी उभी धरून बघत होता, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. सायरन झाला तरी कोणी उठेना. उन्हाने माझं डोकं भणभणत होतं, आणि मी इतकी खुशीत होते की परतताना तुझ्याशी भांडायचंसुद्धा विसरले.

आता दिलीपरावांचं. त्यांचा विषय आपण दोघींनी जपूनच काढला कायम. बंब त्यांनी उचलायचा, ओम्नीत आडवा घालायचा, मैदानावर लावायचा, डोळे दिपू नयेत म्हणून टॉर्चवर लाल कागद गुंडाळायचा, म्हाताऱ्यांसाठी खुर्ची ठेवायची, आणि मग गाडीला टेकून चहा पीत उभं राहायचं. एवढ्या वर्षांत त्या माणसाने एकदाही डोळा लावला नाही. कोणी आग्रह केला तर म्हणायचे, मी हमाल, मला कशाला. नाहीतर म्हणायचे, चष्म्यातून नीट दिसत नाही. तू हसून सोडून द्यायचीस. एकदाच, वाचनालयाच्या खोलीला कुलूप लावताना, माझ्याकडे पाठ करून म्हणालीस, "गावभर दाखवलं गं सुले. घरचं एक माणूस राहिलं." मी काहीतरी विनोद केला. तू कुलूप दोनदा ओढून पाहिलंस आणि चालू लागलीस. त्या एका गोष्टीचं तुला किती लागलं होतं हे मला तेव्हा कळलं.

दवाखान्यात शेवटची भेटले तेव्हा तू माझ्याकडून वचन मागितलंस. मी गेल्यावर क्लब तुझ्याकडेच येणार, तेव्हा शब्द दे, आधी सांगायचं नाही. मी म्हटलं, नाही देणार. बाजूच्या कॉटवरच्या बाईच्या चेहऱ्यावरून कळलं की अशा वेळी असं बोलत नसतात. तू मात्र हसलीस, सलाईनची नळी हलेपर्यंत हसलीस, आणि नर्सने मला झापलं. नर्स गेल्यावर म्हणालीस, "बरं झालं. तू हो म्हणाली असतीस तर मला वाटलं असतं, माझं काही खरं नाही." मग डोळे मिटून म्हणालीस, भांडण बाकी राहू दे. घरी येताना मी रिक्षात रडले, पण तुला खोटा शब्द दिला नाही याचं मला तेव्हाही बरं वाटलं, आताही वाटतं.

तू गेल्यावर काही दिवसांनी दिलीपरावांचा फोन आला. म्हणाले, सुलभाताई, तो बंब घेऊन जा, सकाळी डोळे उघडले की आधी तोच दिसतो. मी म्हटलं, मला उचलत नाही, शनिवारी कुरुळीच्या शाळेच्या मैदानावर कार्यक्रम आहे, तुम्हीच आणा.  ते म्हणाले, आणून ठेवतो आणि निघतो.

परवाचा शनिवार तो. अंधार नुकताच पडला होता, एमआयडीसीच्या दिव्यांनी निम्मं आकाश नेहमीसारखं पांढुरकं केलेलं, पण शनी दक्षिणेला उंच होता आणि त्याला दिव्यांची पर्वा नसते. दिलीपरावांनी बंब लावला, खुर्ची ठेवली आणि गाडीकडे गेले. निघाले मात्र नाहीत. क्लबातल्यांनी मला विचारलं, ताई, कसं करायचं? मी म्हटलं, आज तरी कुमुदच्या पद्धतीने. वचन दिलं नव्हतं, पण पहिलाच कार्यक्रम होता. मी डोळ्याच्या टोकाला उभी राहिले आणि तुझा प्रश्न विचारू लागले. खरं सांगू? माझ्या तोंडी तो शोभत नव्हता. यंदा शनीची कडी आपल्याकडून पार बारीक दिसताहेत, त्यामुळे लोकही गोंधळत होते. रांग हलेना.

कंपनीच्या युनिफॉर्मवरच आलेली एक मुलगी होती. तिने पाहिलं, मी विचारलं, ती म्हणाली, नाही सांगता येत, आणि ओढणी सारखी करत बाजूला झाली. मी पुढच्याला हाक मारणार तेवढ्यात दिलीपराव माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"तिला सांगून टाका ना आधी," ते हळू आवाजात म्हणाले. "मला पण असंच व्हायचं."

मी विचारलं, काय व्हायचं?

"ती विचारायची ना, सगळ्यांसमोर. लोक लई भारी भारी सांगायचे. मला नसतं सुचलं. शाळेत फळ्यापुढं उभं केल्यावानी भ्या वाटायचं. ती काही म्हणाली नसती, पण तिला वाटलं असतं, आपल्या माणसाला एवढंबी नाही आलं. म्हणून मी म्हणायचो, चष्मा हाय."

कुमुद, मी बरोबर होते. इतकी वर्षं मी तुला हेच सांगत होते, आणि पुरावा तुझ्याच घरात जेवत होता, तुझाच बंब उचलत होता. मला आनंदाने उडी मारावीशी वाटली. तुला फोन लावायला मी खरोखर पर्समध्ये हात घातला. मग हात तसाच राहिला आणि मला तुझा असा राग आला, असा राग आला, की भांडण जिंकायच्या वेळी नेमकी ही बाई हजर नाही. मी पदराने डोळे पुसले आणि त्या मुलीला परत बोलावलं.

तिला सगळं सांगितलं. मधोमध पिवळसर गोळा आहे, त्यातून आरपार सुई घातल्यासारखी रेघ आहे, ती त्याची कडी. थोडं बाजूला बारीक ठिपका आहे, तो त्याचा चंद्र. तिने पुन्हा डोळा लावला आणि म्हणाली, आई गं. मग ती रांगेतल्या मैत्रिणींना ओढून आणायला गेली. त्यानंतर मी सगळ्यांना आधीच सांगितलं, मोठ्याने, माझ्या पद्धतीने. रांग धावू लागली. तू कुठे असशील तिथे तोंड वाकडं केलं असशील, आणि ते मला बघायचं होतं.

दिलीपराव गाडीकडे परत गेले नव्हते. रांग थोडी पातळ झाली तसे ते स्वतःच पुढे आले. मी त्यांनाही सगळं सांगितलं, गोळा, सुई, ठिपका, काही राखून ठेवलं नाही. त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसून खिशात ठेवला आणि वाकले. मी जीभ दाताखाली धरून उभी राहिले. एक शब्द विचारला नाही.

बऱ्याच वेळाने, डोळा न काढता ते म्हणाले, "आता विचारा."

"काय विचारू?"

"ती विचारायची ते. तिच्यावानीच विचारा."

मी विचारलं. या वेळी ते माझ्या तोंडून बरोबर आलं. "काय दिसायलंय?"

"जायलंय," दिलीपराव म्हणाले. "मधोमध होतं, आता काठाला गेलंय. निघून जायलंय ते."

"ते कुठं जात नाही, दिलीपराव," मी म्हटलं. "आपली पृथ्वी फिरते, म्हणून तसं वाटतं. बंबाला हात लावा, जरासा सरकवा."

एवढी वर्षं त्यांनी तो बंब खांद्यावर वाहिला होता. डोळा लावून त्याला हलवायची ही पहिलीच वेळ. त्यांनी दोन बोटं टेकवली, अगदी हलकेच, आणि श्वास रोखून सरकवलं.

"आलं," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा सरकवलं. "आलं परत."

मग ते तिथून हलायलाच तयार होईनात. सरकवायचे, बघायचे, स्वतःशीच हसायचे. मागे लोक कुरकुर करू लागले, कोणाला शिफ्ट होती, कोणाचं पोरगं पेंगत होतं. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात दिलीपरावांना म्हटलं, घाई नाही, अजून बघा.